आधी शेपूट, मग तिकीट

शार्कचं चित्र असलेलं टपाल तिकीट हातात आलं की मी आधी शेपूट बघतो. मग कल्ल्यांच्या फटी मोजतो, मग तोंड कुठे काढलंय ते बघतो. देश आणि किंमत सगळ्यात शेवटी. ही सवय नोकरीतली आहे. मी पशुधन पर्यवेक्षक. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या गावांत लसीकरण, कृत्रिम रेतन, पोटफुगी, अडलेली गाय, हे माझं रोजचं काम. कोणी गवळाऊ गाय दाखवायला आणली की मालक बोलायला लागायच्या आत मी तिचे पाय आणि पाठ बघून घेतलेली असते. जनावर आधी, बाकी मागून. तिकिटावरच्या माशालाही मी तीच शिस्त लावली आहे.

माशाचं शेपूट उभं असतं आणि डावीउजवीकडे हलतं. देवमासा आणि डॉल्फिन हे सस्तन प्राणी, त्यांचं शेपूट आडवं आणि ते वरखाली हलतं. चित्रकाराने हे चुकवलं असेल तर ते तिकीट कितीही देखणं असो, माझ्या वहीत येत नाही. शार्कच्या शेपटाचा वरचा भाग बहुतेक जातींत खालच्यापेक्षा लांब असतो, कारण पाठीचा कणा त्या वरच्या भागात शिरलेला असतो. थ्रेशर शार्कमध्ये हा वरचा भाग जवळजवळ बाकीच्या शरीराइतका लांब होतो, आणि लहान माशांच्या थव्यावर तो त्याचा फटका मारून शिकार करतो. माको आणि मोठा पांढरा शार्क लांब पल्ल्याचे, वेगाने पोहणारे. त्यांच्या शेपटाचे दोन्ही भाग जवळपास सारखे, चंद्रकोरी आकाराचे. म्हणजे नुसत्या शेपटावरून तो मासा कसा जगतो हे सांगता येतं. चित्रकार जाणकार असेल तर तेही त्याच्या शेपटावरूनच कळतं.

कल्ल्यांच्या फटी बहुतेक शार्कना पाच, काही थोड्या जातींना सहा किंवा सात. आणखी एक गोष्ट मी भिंगाखाली शोधतो, ती बरेच संग्राहक बघत नाहीत. नराच्या पोटाखाली मागच्या परांजवळ दोन दांड्यासारखे अवयव असतात. शार्कमध्ये फलन मादीच्या शरीरात होतं, आणि त्यासाठी नराला हे अवयव असतात. तिकिटावर ते काढलेले असतील तर चित्रकाराने खरा मासा, निदान खरा फोटो, नीट पाहिलाय असं मी धरतो. अशा तिकिटांना मी पानाच्या मधोमध जागा देतो. रेतनाचं काम करणाऱ्या माणसाला हे महत्त्वाचं वाटणारच.

माझा संग्रह २००९ च्या एका भारतीय तिकिटापासून सुरू झाला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये भारत आणि फिलिपिन्स यांनी राजनैतिक संबंधांच्या साठ वर्षांनिमित्त जोडतिकिटं काढली. एकावर गंगेतला डॉल्फिन, दुसऱ्यावर व्हेल शार्क. फिलिपिन्समध्ये व्हेल शार्कला बुटांडिंग म्हणतात. गंगेच्या डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर ठरवण्याचा निर्णय आदल्याच महिन्यात झाला होता, त्यामुळे आपल्या बाजूने तो येणं साहजिक होतं. मी तेव्हा खात्याच्या कामाने नागपूरला गेलो होतो. सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाच्या, जुन्या इमारतीत संग्राहकांना तिकिटं विकणाऱ्या फिलाटेली ब्युरोच्या खिडकीशी उभा राहिलो, आणि ही जोडी समोर आली. तोपर्यंत मी पक्षी, फुलं, पुढारी, जे मिळेल ते जमवत होतो. त्या दिवसापासून शार्क सोडून दुसरं काही घेतलं नाही.

व्हेल शार्कच का भावला, हे सांगायला मला वेळ लागत नाही. जगातला सगळ्यात मोठा मासा हा. अठरा मीटरपर्यंतची नोंद आहे. एवढं धूड, आणि खातं काय, तर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), बारीक कोळंबीसारखे जीव, माशांची अंडी. तोंड डोक्याच्या खाली नाही, अगदी पुढे, रुंद. पाणी तोंडात घ्यायचं, कल्ल्यांतून गाळून सोडायचं, उरलं ते गिळायचं. पाठीवर पांढरे ठिपके आणि त्यांच्या मधून फिकट पट्टे. हे ठिपके प्रत्येक माशाचे वेगळे. आकाशाच्या फोटोंमधल्या ताऱ्यांच्या जुळण्या शोधण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी जी गणिती रीत बसवली होती, तीच रीत वापरून आता व्हेल शार्क एकेकटा ओळखला जातो. आम्ही गायीच्या कानाला बिल्ला मारतो. या माशाला बिल्ल्याची गरजच नाही.

आणि त्याची वीण. १९९५ साली तैवानजवळ मारल्या गेलेल्या एका मादीच्या पोटात तीनशेच्या वर पिल्लं सापडली, वेगवेगळ्या वाढीची. काही अजून अंड्याच्या कवचात, काही बाहेर पडून पोटातच वाढणारी. तोवर व्हेल शार्क अंडी घालतो की पिल्लं देतो याचाच नीट निवाडा झालेला नव्हता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत तेच घेऊन बसलो होतो. एका मादीच्या पोटात तीनशे, आणि ती मादी आपल्या हातून मेली म्हणून हे कळलं.

भारतात २००१ साली व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मासा म्हणून हा मान त्याला पहिल्यांदा मिळाला. त्याआधी गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळ, मांगरोळच्या बाजूला, त्याची शिकार जोरात होती. आकड्याला रिकामी पिंपं बांधून त्याला दमवायचं, म्हणून तिथे त्याला बॅरल म्हणत. यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायला, मांस परदेशी पाठवायला. कायदा झाला तरी किनाऱ्यावरच्या माणसांच्या मनात उतरायला वेळ लागला. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम सुरू केली. रामकथाकार मोरारीबापूंनी त्यात सांगितलं की ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी येते, तिला मारायचं कसं. मासेमारांना हे पटलं. जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क सोडायला जाळं कापलं तर वनखातं त्या जाळ्याची भरपाई देतं. त्यानंतर शेकडो व्हेल शार्क असे जाळी कापून सोडले गेले आहेत. स्वतःच्या पोटापाण्याचं जाळं स्वतःच्या सुरीने कापायचं, यातली किंमत शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणून मला त्या २००९ च्या तिकिटाचं वेरावळचा शिक्का असलेलं कव्हर, म्हणजे तिकीट आणि शिक्क्यासकट अख्खं पाकीट, हवं होतं. फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाच्या शिक्क्याचं पाकीट, माझ्याकडे आहे, त्यावर छापील चित्र आहे, नक्षीदार शिक्का आहे, सगळं जागच्या जागी. पण ते कव्हर कधी कुठे गेलेलं नाही. खिडकीतून विकत घेतलं, पिशवीत घातलं, घरी आणलं. टपालाचं तिकीट हे टपालाच्या कामासाठी असतं. पत्र उचलून एका गावातून दुसऱ्या गावात नेलं तरच त्याने आपलं काम केलं असं मी मानतो.

तर मी काय केलं? एका जाड कागदाच्या पाकिटावर माझाच पत्ता लिहिला, व्हेल शार्कचं तिकीट उजव्या कोपऱ्यात लावलं, आणि ते पाकीट दुसऱ्या मोठ्या लिफाफ्यात घालून वेरावळच्या पोस्टमास्तरांना पाठवलं. सोबत हिंदीत चार ओळी: आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या माशाचं हे तिकीट आहे, कृपा करून यावर आपल्या ऑफिसचा तारखेचा शिक्का स्वच्छ मारून पाकीट नेहमीच्या टपालात टाकावं. ही रीत जगभरचे संग्राहक वापरतात, आणि बहुतेक पोस्टमास्तर मन लावून ते काम करतात.

पाकीट आलं ते कापसाच्या वेचणीच्या दिवसांत. आमचे डाकसेवक सायकल दवाखान्याच्या ओट्याला टेकवून म्हणाले, "डॉक्टर, तुमचं पाकीट आलं जी. अक्षर तुमचंच हाये अन् नावही तुमचंच. आपल्यालेच पत्र लिवता काय?"

मी त्यांना तिकीट दाखवलं. त्यांनी पाकीट उन्हाकडे धरलं, डोळ्याजवळ नेलं, पुन्हा लांब नेलं.

"केवढा असते हा मासा?"

"आपल्या एसटीपेक्षा लांब होतो."

"अन् मानसाले?"

"काही करत नाही. बारीकबारीक जीव गाळून खातो."

"मंग याले मारत काहून होते?"

या प्रश्नाला ओट्यावर बसून उत्तर द्यावं लागलं. तेलाचं, पिंपांचं, मग जाळी कापणाऱ्यांचं. ते सगळं ऐकून घेऊन त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं. त्या दिवसापासून शार्कचं टपाल आलं की ते झोळ्यात इतर पत्रांमध्ये न कोंबता वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणतात. माझ्या संग्रहातली निम्मी कव्हरं धड राहिली ती त्यांच्यामुळे, हे मला इथे लिहून ठेवायचंच होतं.

ते कव्हर आत्ता समोर आहे. शिक्का गोल, काळ्या शाईचा. अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. असाच हवा असतो, कारण पूर्ण तिकिटावर बसला तर चित्र जातं आणि पूर्ण बाहेर बसला तर तिकीट आणि शिक्का एकमेकांचे आहेत याचा पुरावा जातो. माशाचं तोंड मोकळं राहिलंय, शिक्क्याची कड पाठीवरच्या ठिपक्यांना लागून गेली आहे. गावाचं नाव वाचता येतं. डाव्या कडेला शाईचा एक अंगठा उमटलाय, शिक्का मारणाऱ्याचाच असणार. काही संग्राहक असा डाग असलेलं कव्हर बाद करतात. मी करणार नाही. तो अंगठा आहे म्हणून हे कव्हर माणसाच्या हातून गेलंय हे दिसतं.

याउलट एका दुसऱ्या ऑफिसातून आलेल्या कव्हरवर कोणीतरी बॉलपेनने तिकिटावर फुली मारली होती. पेन एवढं दाबून की मागच्या बाजूला वळ उठलाय. शिक्का जवळ असताना पेन वापरू नये, एवढंच माझं सगळ्या काउंटरवाल्यांना हात जोडून सांगणं आहे. तुमच्या त्या एका शिक्क्याची वाट कोणीतरी महिनाभर बघत असतं.

अमेरिकेची तिकिटं माझ्याकडे आली ती बायकोच्या भाच्यामुळे. तो टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिकडच्या टपाल खात्याने २६ जुलै २०१७ ला शार्कची पाच तिकिटं काढली: माको, थ्रेशर, मोठा पांढरा, व्हेल शार्क आणि हॅमरहेड. चित्रं सॅम वेबर यांची. मी शेपटाची परीक्षा लावली, पाचही पास झाले. थ्रेशरचं तर शेपूट तिकिटात मावायला चित्रकाराने त्याला वळण दिलंय, आणि ते वळण खऱ्या थ्रेशरचंच आहे. या तिकिटांचं प्रकाशन झालं केंटकी राज्यातल्या न्यूपोर्ट गावच्या मत्स्यालयात. न्यूपोर्ट ओहायो नदीच्या काठावर आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. मला याचा फार आनंद झाला. शार्कचा फर्स्ट डे शिक्का नदीकाठच्या गावाचा असू शकतो, तर शार्कची वही कापसाच्या मुलखात असायला काय हरकत आहे?

भाच्याने २०१८ च्या दिवाळीला शुभेच्छापत्र पाठवलं आणि माझा आग्रह लक्षात ठेवून पाचही तिकिटं पाकिटावर लावली. तेव्हा ही तिकिटं प्रत्येकी पन्नास सेंटची धरली जात, म्हणजे अडीच डॉलर झाले. परदेशी पत्राचा दर होता एक डॉलर पंधरा सेंट. तीन तिकिटांत काम झालं असतं. तिकीट प्रदर्शनाच्या स्पर्धेत पानं लावणारे म्हणतील की दर जुळत नाही, हे कव्हर हौसेचं आहे. बरोबर आहे त्यांचं, आणि दराचा हिशेब मी पानाखाली लिहूनही ठेवलाय. पण पाकिटात खरं पत्र होतं, माझ्या बायकोला लिहिलेलं, आणि ते आमच्या घरात दोनदा मोठ्याने वाचलं गेलं. ते कव्हर पहिल्या ओळीतच राहील.

एक सूचना नव्या लोकांसाठी. अमेरिकेची अलीकडची तिकिटं पाण्यात भिजवून निघत नाहीत, त्यांचा डिंक पाण्यात विरघळत नाही. भिजवायला गेलात तर कागद फाटेल, तिकीट राहील तिथेच. अख्खं पाकीट ठेवा. नाहीच ठेवायचं तर भोवती बोटभर कागद सोडून कापा.

ब्रिटनच्या रॉयल मेलने २०१४ मध्ये माशांची दहा तिकिटं काढली. पाच भरपूर असलेल्या माशांची, पाच धोक्यात आलेल्यांची. धोक्यातल्यांत एक लहानसा शार्क आहे, स्पायनी डॉगफिश. कोकणात ज्यांना मुशी म्हणतात त्या गोत्रातला म्हणा. जेमतेम मीटरभर लांब. आमच्या हिंगणघाटच्या बाजारात रोहू, कटला, मरळ यांच्या पलीकडे काही दिसत नाही, त्यामुळे हा मासा मी फक्त तिकिटावरच बघितलाय. या बारक्या शार्कची मादी किती काळ गाभण राहते? गाय नऊ महिने, म्हैस दहा. ही दीड ते दोन वर्षं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढा लांब गाभणकाळ फार थोड्यांचा आहे. वयात येते तीही उशिरा. आता असा कळप असेल आणि दरवर्षी त्यातल्या माद्याच बाजारात निघाल्या, तर कळपाचं काय होईल हे पशुपालन करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. ब्रिटनमध्ये हा मासा वर्षानुवर्षं तळून खाल्ला गेला. शार्क संपतात ते याच हिशेबाने. शिकारी म्हणून त्यांचा दरारा मोठा, आणि वीण मात्र अगदी सावकाश. मोठ्या दातांच्या चित्रांनी हे कळत नाही. त्या लहानशा डॉगफिशच्या तिकिटाने मला कळलं.

आता दाताच्या चित्रांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. शार्कची सगळ्यात जास्त तिकिटं बाजारात दिसतात ती छोट्या देशांच्या नावाने निघणारी रंगीत शीटं. जबडा उघडा, दात चमकतायत, पाणी लाल. ही बरीचशी परदेशी एजन्सीकडून छापून घेतलेली असतात, आणि त्या देशातल्या पोस्टाच्या काउंटरवर ती क्वचितच विकली जातात. काही तर त्या देशाच्या टपाल खात्याला न विचारताच छापलेली असतात. अशा बोगस तिकिटांबद्दल जागतिक टपाल संघ सदस्य देशांना परिपत्रकं काढून सावध करत असतो. खरी तिकिटं ओळखता यावीत म्हणून २००२ पासून डब्ल्यूएनएस नावाची क्रमांकाची नोंदवहीही चालवली जाते. तिकीट घेण्याआधी तिथे बघायची सवय लावून घ्या.

दुसरी एक खूण तर घरबसल्या तपासता येते. तिकीट उलटं करा. समोर शिक्का आहे, पण मागचा डिंक जसाच्या तसा शाबूत आहे? आणि शिक्का नेमका चौथा भाग, कोपऱ्यात, चार तिकिटांच्या मध्यावर मारल्यासारखा? मग ते पत्रावर कधी लागलेलंच नाही. छापखान्यातून निघतानाच शिक्का मारून संग्राहकांना स्वस्तात विकायला काढलेलं ते तिकीट. लहान मुलांनी सुरुवातीला घ्यायला काहीच हरकत नाही, चित्रं बघून मासे ओळखायला शिकता येतं. पण त्यासाठी पैसे साठवू नका. त्याच पैशांत एखाद्या बेटावर राहणाऱ्या संग्राहकाशी पत्रव्यवहार करा आणि खरं वापरलेलं कव्हर मागवा. मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी बंद केली. त्याच्या आदल्या वर्षी पलाऊने आपला सगळा सागरी हद्दीचा भाग शार्कसाठी राखीव केला, जगात पहिल्यांदा. अशा देशातून साधं पक्ष्याचं तिकीट लावून आलेलं पत्र असलं तरी माझ्या लेखी त्याचं मोल त्या लाल पाण्याच्या शीटपेक्षा जास्त आहे.

मनिलाच्या एका संग्राहकाने मला २००९ च्या जोडीची फिलिपिन्सची बाजू पाठवली, आणि प्रेमाने शंभर पेसोची एक नोट. त्या नोटेच्या मागे मायोन ज्वालामुखी आणि व्हेल शार्क आहे. नोट सुंदर आहे, ती मी काचेखाली ठेवलीय. वहीत तिला जागा नाही, वही टपालाची आहे.

विदर्भात हा छंद सांभाळायचा तर दोन शत्रू आहेत. मे महिन्यातला कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कोऱ्या तिकिटांचा डिंक आकसतो आणि तिकीट गोल वळतं. ते बोटाने सरळ करायला जाऊ नका, भेग पडते. बटर पेपरमध्ये घालून जड पुस्तकाखाली ठेवा, पावसाची हवा सुटली की आपोआप सरळ होतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलटा प्रकार. तिकिटं एकमेकांना चिकटतात, कागदावर पिवळे ठिपके धरतात. तेव्हा वह्या आडव्या न ठेवता उभ्या ठेवायच्या आणि उघाड पडली की सावलीत पानं उलटून हवा द्यायची. कसर लागू नये म्हणून लोक कडुनिंबाचा पाला घालतात. धान्याच्या कोठीत घाला, तिकिटांत नको. पाल्याचा डाग कागदावर कायमचा बसतो.

रजिस्टर्ड पोस्टाबद्दल थोडं. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. माझ्याकडे रजिस्टरीने आलेली काही शार्क कव्हरं आहेत, क्रमांकाच्या चिठ्ठीसकट. आमच्या गावात रजिस्टरी आली म्हटलं की घरातलं मोठं माणूस हात पुसून सही करायला पुढे यायचं. ती कव्हरं आता वेगळ्या पानावर लावली आहेत. तुमच्याकडे अशी पाकिटं असतील, कुठल्याही तिकिटाची, तर चिठ्ठी सोलून काढू नका.

आता ज्या पानावर माझं काम चाललंय त्याबद्दल लिहितो. लोक मला विचारतात, इथून समुद्र एवढा लांब, शार्कचं तुम्हाला काय? त्याचं उत्तर सिरोंचाला आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठी, सिरोंचा तालुक्यात कोटा नावाचं गाव आहे. या गावाच्या नावाने भूगर्भशास्त्रात एक खडकांचा थर ओळखला जातो, कोटा फॉर्मेशन, ज्युरासिक काळातला. तिथल्या चुनखडकातून माशांचे जीवाश्म निघाले आणि त्यांची माहिती १८५१ साली विलायतेत छापून आली. बारापासॉरस हा आपला अवाढव्य डायनोसॉर त्याच थरातला. वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडं बघता येतात. आणि याच थरातून, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून, शार्कचे दात निघाले आहेत. हायबोडोंट नावाच्या, आता पूर्ण नामशेष झालेल्या शार्क गटाचे. १९८६ मध्ये पी. यादगिरी यांनी त्यांचं वर्णन केलं आणि जातीला नाव दिलं लोंकिडिऑन इंडिकस.

हे दात इतके बारीक की माती पाण्यात भिजवून, चाळणीने धुऊन, उरलेली कणी सूक्ष्मदर्शकाखाली निवडत बसावं लागतं, तेव्हा सापडतात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, हाडाचा नाही, म्हणून तो बहुधा कुजून जातो. दातच उरतात. आणि त्यांच्या सोबत जे बाकीचे जीव मिळतात ते नदीतळ्यांतले. म्हणजे हा लहानसा शार्क गोड्या पाण्यात राहत असणार. आपल्या या भागात तेव्हा समुद्र नव्हता. नद्या होत्या, तळी होती, आणि त्यांत शार्क पोहत होते. हे मला कळलं त्या दिवशी मी दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, बैल दाखवायला आणलेल्या पोरालासुद्धा.

या शार्कचं तिकीट कुठल्या देशाने काढलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शताब्दीचं, जानेवारी १९५१ चं तिकीट माझ्याकडे आहे, ज्यावर स्टेगोडॉन हे हत्तीच्या कुळातले जुने प्राणी आहेत. सर्वेक्षणाची स्थापना १८५१ ची, कोट्याच्या माशांची माहिती छापली गेली तेच वर्ष. म्हणून ते तिकीट या पानाच्या डोक्यावर लावलंय. त्याखाली सिरोंचा पोस्टाचा तारखेचा शिक्का असलेलं साधं कव्हर, मी तिथे गेलो होतो तेव्हा काउंटरवर उभं राहून मारून घेतलेलं. शिक्का मारणाऱ्या बाईंनी आधी कोऱ्या कागदावर दोनदा मारून बघितला, शाई बरोबर आहे ना ते. मग कव्हरवर मारला. त्यांच्यासारखी माणसं प्रत्येक काउंटरवर असावीत.

उरलेल्या जागेसाठी मी टपाल खात्याकडे स्पेशल कव्हरचा अर्ज द्यायची तयारी करतोय. स्पेशल कव्हर म्हणजे एखाद्या विषयावर टपाल खात्याने काढलेलं खास पाकीट. ते तिकिटासारखं देशभराचं नसतं, ते त्या-त्या टपाल परिमंडळातून निघतं, आणि प्रस्ताव देणाऱ्यालाही खर्चाचा वाटा उचलावा लागतो. सिरोंचातले दोन शिक्षक आणि मी, आम्ही वर्गणी काढायला बसलो आहोत. चित्र माझी मुलगी काढतेय, नागपूरला शिकते ती. पहिल्या कच्च्या चित्रात तिने अख्खा शार्क काढला, जबडा उघडलेला. मी परत पाठवलं. अख्खा सांगाडा हातात नसताना अंगाचा आकार अंदाजाने रंगवायचा नाही. जे सापडलंय तेच काढायचं: एक दात, मोठा करून, बसका, मधला उंचवटा दिसेल असा, आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी. पट्टीशिवाय मी तो अर्ज पुढे जाऊ देणार नाही, आणि तिने आता ती काढली आहे.